खाटा कधी उचलल्या

बंड्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला येऊन गेला. आंबे आणले, डांगर आणलं, पोरांना पैसे दिले, सगळं नीट केलं, आणि रात्री खापरावरची पुरणपोळी चेपून ओट्यावर दात कोरत बसला असताना मला म्हणाला, काय रे, उन्हाळ्यात रात्री आपल्या गल्लीत झोपायला खाटा पडायच्या, त्या कधी बंद झाल्या?

मी म्हटलं, झाले असतील पंधराएक वर्षं. मग म्हटलं नाही, जास्त झाले. मग म्हटलं, लक्षात नाही यार. तर म्हणतो, "अरे पण तू तर इथंच राहतो ना!"

त्याच्या मनात काही नसेल, त्याचं बोलणंच तसं आहे. पण मला ते लागलं आणि अजून लागतंय. इथंच राहतो म्हणजे काय, मला काय राखण करायला ठेवलंय का? जे गेले ते आपापलं लहानपण आमच्याकडे ठेवून गेले आणि आता दर उन्हाळ्यात येऊन मोजून बघतात, टांगे कुठं गेले, मिलचा भोंगा कधी थांबला, कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या त्या कुठंय, पाच कंदिलाच्या चौकात पूर्वी कशी मजा होती. आणि उत्तर आम्ही द्यायचं. जसं काही मीच संध्याकाळी जाऊन टांगे सोडून दिले.

त्यात त्याला सगळं आठवतं हे जास्त वाईट. कोणाची खाट कुठं पडायची, कोणाच्या खाटेला ढेकूण होते, जिभाऊ रेडिओ उशाशी घेऊन झोपायचे आणि स्टेशन बंद झाल्यावरही तो खरखर करत राहायचा, सगळं पाठ. मला निम्मं त्यानं सांगितल्यावर आठवलं. तो गेला तेव्हा जी गल्ली होती ती त्याच्या डोक्यात तशीच राहिली, तिच्यावर काही चढलंच नाही. मी रोज त्याच गल्लीतून गाडी काढतो, दूध आणतो, कोणाच्या मयताला जातो, मग जुनं दिसणार कसं?

पण खाटा होत्या मात्र बघण्यासारख्या. आपल्या धुळ्यातल्या या नंबरच्या गल्ल्या कशा सरळ आहेत, ब्रिग्ज साहेबानं 1819 च्या सुमाराला इथं जिल्ह्याचं ठाणं केलं आणि नवी वस्ती आखून बसवली, त्यामुळे एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत खाटाच खाटा दिसायच्या. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस, भिंतीला हात लावला तर चटका. ऊन उतरलं की दारोदार पाणी मारायचे, माती आधी वाफ सोडायची आणि मग गार व्हायची, आणि मग आतून खाटा बाहेर. आम्हा पोरांचं काम खाट उचलून आणायचं आणि पायथ्याची दोरी ओढून ताणायचं, ढिली राहिली तर झोळी व्हायची आणि मधे झोपणाऱ्यावर दोन्हीकडून लोक. वर गोधडी, उशाशी तांब्या, खाटेखाली चपला, कारण कुत्रं न्यायचं. रात्री कोणाला उशिरा घरी यायचं असलं तर त्याला सगळ्या गल्लीच्या खाटा ओलांडून यावं लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत की हा किती वाजता आला आणि कसा आला. नानांचं एकदा... जाऊ दे ते.

तर कधी बंद झाल्या. बंड्या गेल्यावर मी खरंच हिशेब लावत बसलो. या गावात बाकी सगळ्याच्या तारखा सापडतात हो. नंदुरबार आपल्यापासून वेगळं झालं 1 जुलै 1998 ला, कोणीही सांगेल. विनोबा इथल्या जेलमध्ये गीतेवर बोलले ते 21 फेब्रुवारी 1932 ला सुरू केलं आणि 19 जूनला संपवलं, दर रविवारी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच की, आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते म्हणून आज आपल्याला ते शब्द आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि लगेच 1927 ला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, कोणाकोणाच्या माळ्यावरचे कागद तिथं जपून ठेवलेत. आणि आमच्या गल्लीत शेवटची खाट कोणत्या रात्री पडली याचा कुठं चिठोरा नाही. कोण लिहील? त्या रात्री झोपणाऱ्याला थोडंच माहीत होतं की ही शेवटची. सकाळी उठून खाट उभी केली असेल भिंतीला, आणि पुढच्या उन्हाळ्यात काढलीच नाही.

मला वाटायचं कूलर आला आणि संपलं. पण नीट आठवलं तर तसं नाहीये, कूलर आल्यावरही काही वर्षं म्हातारी माणसं बाहेरच झोपायची, त्यांना त्या गवताच्या ओल्या वासानं सर्दी व्हायची. मग गल्लीत काँक्रीट झालं, सगळ्यांनी पेढे वाटले, आणि ते काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखं तापलेलं. वरून नळाला पाणी इतक्या दिवसांच्या अंतरानं, की सडा मारणार कोण. मग मोटारसायकली, आधी एकेक आणि मग घरटी दोन-दोन, त्या रात्री जिथं उभ्या राहतात तीच खाटांची जागा. मग लोडशेडिंगची ती वाईट वर्षं आली तेव्हा सगळी गल्ली पुन्हा बाहेर आली होती, हे मी विसरूनच गेलो होतो! पण तेव्हा खाटा नव्हत्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि लाइट आली की हो करून ओरडून सगळे आत. मग इन्व्हर्टर आले आणि तेही गेलं. म्हणजे मधे कुठंतरी खाटा गेल्या, आणि मी तिथंच होतो, कदाचित स्वतःच्या हातानं एखादी माळ्यावर टाकली असेल.

हे असं दोन-चार दिवस चाललं होतं माझं, ऑफिसात पण लक्ष नाही. मला उगाच वाटायला लागलं की आपण आयुष्यभर एकाच गावात राहिलो आणि काही बघितलंच नाही. बंड्यानं पुणं बघितलं, दुबई बघितली, आणि वर धुळंही त्यालाच जास्त दिसलं. मी काय कमावलं मग? आणि त्या घराच्या कागदांचं त्यानं जे काढलं ते तर मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटी आक्काला फोन केला. सहज म्हणून विषय काढला. तर आक्का म्हणे, "माले इचार ना." ठसकून सांगितलं तिनं, धाकट्या मावशीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर आला, गल्लीतला पहिला, आणि नानांनी तो खिडकीत बसवला त्या रात्री मायला आयुष्यात पहिल्यांदा मे महिन्यात झोप लागली.

मी म्हटलं, पण आपण तर बाहेर झोपायचो.

"तुम्ही झोपायचे," आक्का म्हणाली. "तू, बंड्या, नाना, जिभाऊ. मी आणि माय कुठं होतो सांग बरं?"

आता काय सांगणार. मधल्या खोलीत. चूल तिथून दोन पावलांवर, खिडकी एक आणि ती पण बोळाकडची. फरशीवर पाणी टाकून त्यावर ओलं लुगडं अंथरून झोपायच्या त्या. मला खाटेखालच्या चपला आठवतात, रेडिओची खरखर आठवली, पण आत कोण होतं ते माझ्या त्या चित्रात नव्हतंच कधी. आक्का म्हणे, बाहेरून तुमचे हसायचे आवाज यायचे आणि माय वारा घालत बसायची पुठ्ठ्यानं, मला आणि बेबीला, आणि पहाटे पाचला उठून पुन्हा पाणी भरायला.

मग तिनं विचारलं, तुला काय करायच्या त्या खाटा? मी म्हटलं काही नाही, बंड्या विचारत होता. त्यावर ती जे हसली ते मी इथं लिहीत नाही.

खरं सांगू का, फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. का ते नीट कळलं नाही. बंड्याला तारीख कळवायची का, तर नको. त्याला ते सुंदर आठवतंय तर आठवू दे, आक्काची गोष्ट त्याला सांगितली तर तो फक्त "हो का" म्हणेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारेल.

एक खाट मात्र गच्चीवर अजून आहे. ही तिच्यावर कुरडया आणि पापड वाळवते. सुतळी पार कुजलीये, तर म्हटलं विणून घेऊ. आता विणणारा दारावर येत नाही, शोधायला लागेल, आणि पूर्वी तर हाळी देत फिरायचा. ही म्हणे सुतळी नको, प्लॅस्टिकची पट्टी घाला, धुता तरी येते. आणि कुरडयांचा सीझन संपल्यावर ती ठेवणार कुठं, असं तिनं विचारलं तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.