उडालेल्या पाण्याचा हिशोब : रीफ टँकची नोंद, मे ते सप्टेंबर

मंडळी, रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरल-माशांचा टँक, तोच आहे. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, खाली संप (जोडटाकी), दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी साधारण १९० लिटर. मासे म्हणजे ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक बंगाई कार्डिनल, वॉचमन गोबी आणि त्याच्या बिळाचा मुकादम पिस्टल श्रिंप (कोळंबी). कोरल सगळी मऊ: झोआ, मशरूम, टोडस्टूल लेदर, कीनिया ट्री आणि मागची काच खात सुटलेला ग्रीन स्टार पॉलिप. मागच्या नोंदीनंतर नवीन जीव एकही आणला नाही. पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा एकाच गोष्टीवर लक्ष होतं, ती म्हणजे टँकमधून रोज किती पाणी उडतं. तापमान, क्षारता (खारटपणा), केएच (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षारशक्ती, डीकेएचमध्ये मोजतात), पीएच, इतकंच काय भिंतीची ओलसुद्धा शेवटी त्या आकड्याला येऊन मिळते.

आधी मे. डोंबिवलीत तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी, दुपारी खोली ३३ अंशांवर. टँकच्या पाण्यावर आणि संपवर एकेक पंखा लावला आणि पाणी २८ वर थांबलं. एटीओच्या (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेच्या) डब्यातून रोज साडेचार लिटर जात होतं. आता गणित बघा. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट उष्णता जाते. साडेचार लिटर म्हणजे दिवसाला तीन युनिट, म्हणजेच चोवीस तास सलग सव्वाशे वॅटचं थंडावण्याचं यंत्र. माझे पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) आणि नऊ तासांचा लाइट यांची सरासरी ८५ वॅटच्या आसपास पडते. वरची चाळीस तापलेल्या खोलीतून काचेवाटे आत येते. म्हणजे दोन फुटकळ पंखे चिलरचं काम करत होते आणि त्यांचं वीजबिल नगण्य.

मग जुलै आला. खोली २९ वर उतरली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि टँक ३० वर चढला. पंखे तेच, वेग तोच, पण पाणी उडायचं अडीच लिटरवर आलं.

विदर्भात कूलर चालतो आणि कोकणात चालत नाही, त्याचंच हे कारण. हवेत आधीच बाष्प ठासून भरलं असेल तर पंख्याने कितीही वारा घाला, पाणी एका मर्यादेच्या खाली थंड होत नाही. या मर्यादेला वेट-बल्ब तापमान म्हणतात. नागपूरच्या मे महिन्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ती मर्यादा २३ च्याही किंचित खाली येते. आपल्याकडे जुलैत साडेएकोणतीस अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेला ती साडेसत्तावीसच्या वर असते, आणि त्यावर पंप-लाइटची उष्णता वेगळी. तेव्हा ‘पंख्याने तीन अंश उतरले’ असं कुणी सांगितलं की आधी विचारा, गाव कुठलं आणि महिना कुठला. पुणे-नाशिककरांनी एप्रिलमध्ये चिलरवर पैसे घालायची मुळीच गरज नाही. किनारपट्टीवर मात्र चिलरचा खरा हंगाम पावसाळाच.

३० अंशांवर क्लाउन मजेत होते, मशरूम फुगलेले होते, लेदर मात्र मिटून बसला. लेदर मिटला की नवखी माणसं घाबरतात. पुष्कळदा तो नुसती वरची मेणचट कात टाकत असतो, चार दिवसांनी उघडतो. हा कात न टाकताच मिटून होता. मला कोरलपेक्षा रात्रीच्या प्राणवायूची काळजी जास्त होती. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार असलेल्या) पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आत. त्यात पावसाळ्यात रात्री-अपरात्री वीज जाते. आमच्या घरच्या इन्व्हर्टरवर टँकसाठी फक्त एक डीसी वेव्हमेकर आहे, तोही पाण्याचा पृष्ठभाग ढवळेल असा वर तोंड करून. लाइट, स्किमर, चिलर काही नाही. कोरल अंधारात दोन दिवस काढतात, मासे गुदमरायला काही तास पुरतात.

चिलर आणला, दशांश अश्वशक्तीचा. स्टँडच्या कपाटात कोंडायचा मोह आवरा, कारण तो टँकमधली उष्णता काढून खोलीतच टाकतो, आणि कपाटात टाकली तर तीच परत संपमध्ये. माझा बाहेर, खिडकीशी आहे. २७ वर लावलाय. युरोप-अमेरिकेतल्या सल्ल्यांत २५ चा आग्रह दिसतो, पण लक्षद्वीपच्या खाजणांत पाणी वर्षातला बराच काळ २८ च्या आसपास असतं. दोन अंश जास्तीचे उतरवण्यासाठी कॉम्प्रेसर घरघरत ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. तापमान एका जागी राहिलं म्हणजे झालं. तीन दिवसांत लेदर उघडला.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. पाणी २७ वर आलं, पंखे बंद केले आणि उडणं जवळजवळ थांबलं. एटीओचा डबा, जो मेमध्ये दोन दिवसांत रिकामा व्हायचा, तो हलेना. मुसळधारेच्या दिवशी चिलरच्या परतीच्या नळीवर बाहेरून दहिवर धरायला लागलं. नळीवर असा ओलावा दिसला की समजायचं, हवा आता टँकमधून पाणी उचलायच्या मनःस्थितीत नाही.

यात काय बिघडतं? माझं केएच एटीओच्या डब्यावर अवलंबून होतं. भरपाईच्या पाण्यात मी चुन्याची निवळी देतो. लिटरला पाव ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पानाचा चुना नव्हे. तेवढ्या निवळीत लिटरमागे साधारण १९ डीकेएच इतकी क्षारशक्ती असते. साडेचार लिटर गुणिले १९ भागिले १९० म्हणजे रोज ०.४५ डीकेएच. दगडांवर आणि काचेवर जांभळी कोरलाइन शेवाळं भरपूर आहे, तीच यातला मोठा वाटा खाते. मेमध्ये आवक-जावक तंतोतंत जुळत होती, केएच ८.४ वरून हलत नव्हता. जुलैत रोजची भरपाई लिटरच्याही आत आली, म्हणजे निवळीही लिटरच्या आत. कोरलाइनला पावसाळ्याशी देणंघेणं नाही, ती खातच होती. चाचणीत ८.४ चे ७.९, मग ७.३, ७ च्या खाली.

निवळीची तीव्रता वाढवता येते. दीड ग्रॅमच्या आसपास ती संपृक्त होते, त्यामुळे चारपाच पटीला वाव आहे. पण उघडीप पडली आणि दोन दिवस पाणी जोरात उडालं की तीच कडक निवळी साडेचार लिटर आत जाणार. १९० लिटरच्या टँकमध्ये पीएच उसळायला एवढं पुष्कळ झालं. म्हणून पावसाळ्यापुरती निवळी बंद करून दोन वेगळी द्रावणं सुरू केली. रोज साधारण २.६ ग्रॅम खायचा सोडा आणि २.२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, दोन छोट्या डोसिंग पंपांनी, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून. एकत्र ओतलं तर पांढरा गाळ होऊन दोन्ही वाया जातात. खायचा सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, ती चालत नाही. घसरलेला केएच वर आणायला १९० लिटरला १ डीकेएचमागे ५.७ ग्रॅम सोडा लागतो. मी रोज अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वाढवला नाही.

निवळीचा एक फायदा मात्र सोड्यात नाही. निवळी पाण्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकते आणि पीएच वर राहतो. ती बंद झाली, वर पावसामुळे खिडक्या बंद, घरात चार माणसं आणि गॅसची शेगडी, त्यामुळे पीएच सकाळी ७.८ वर दिसायला लागला. स्किमरची हवेची नळी लांबवून खिडकीच्या ग्रिलबाहेर काढली, तोंड खाली वळवून, म्हणजे पाऊस आत ओढला जाणार नाही. सकाळचा आकडा ७.९५ झाला. ८.३ च्या मागे मी धावत नाही.

एटीओबद्दल एक आग्रह. डबा मोठा घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, सुट्टीवर जाता येतं म्हणून. सेन्सर अडकला आणि पंप चालूच राहिला तर अख्खा डबा टँकमध्ये रिकामा होतो हे धरूनच डबा निवडा. २० लिटर गोडं पाणी माझ्या टँकमध्ये गेलं तर ३५ पीपीटीचं पावणेबत्तीस होईल, १० लिटर गेलं तर सव्वातेहेतीस. पहिल्यात श्रिंपचं काही खरं नाही, दुसऱ्यातून बहुतेक सगळे निभावतात. माझा डबा १० चाच आहे आणि रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) मी ३५ च्या प्रमाण द्रावणावर लावतो, शून्यावर नाही, कारण मोजायचं ते पस्तिसाजवळ आहे.

पाण्याचं थोडक्यात. स्वयंपाकघरातला आरओ नको. त्यात बहुधा चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) मिसळायची सोय असते, ५०-१०० टीडीएसचं पाणी येतं. वेगळा मेम्ब्रेन आणि पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, मीटरवर शून्य. पावसाळ्यात नळाला गढूळपणा येतो, ५ मायक्रॉनचा पहिला फिल्टर चहाच्या रंगाचा होतो. तो स्वस्त आहे, वेळेत बदला, नाहीतर महागडा मेम्ब्रेन तुंबतो. जुहू-अलिबागचं समुद्राचं पाणी आणू का, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. खाड्यांचं आणि नाल्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याची क्षारता याच दिवसांत घसरलेली असते. नका आणू.

ऑगस्टमध्ये वाळूवर तपकिरी पापुद्रा आला, बुडबुडे धरलेला, रात्री विरळ आणि दुपारी दाट. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आकडे बघून अभिमान वाटावा असे, आणि नेमके तेच डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांना हवे असतात, कारण साध्या शेवाळ्यांची उपासमार झाली की जागा मोकळी मिळते. पुतण्याच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीत पाहिलं. थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला बांधल्यासारखे गोल फिरणारे म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस. हे रात्री पाण्यात उठतात, त्यामुळे यूव्ही दिवा त्यांना पकडतो. चपटे, अंडाकृती, वाळूतच सरकणारे अँफिडिनियम निघाले तर यूव्हीचे पैसे पाण्यात. माझ्याकडे पहिले होते. संपच्या वळणावर यूव्ही लावला, माशांचं खाणं वाढवलं आणि नायट्रेट ५ पीपीएम, फॉस्फेट ०.०५ च्या वर टिकेल असं बघितलं. पापुद्रा गेला, काचेवर हिरवं शेवाळं आलं. ते मला आवडलं.

‘एसपीएस (रीफ बांधणारी, बारीक पॉलिपची कठीण कोरल) कधी?’ असं विचारणाऱ्यांना तेच उत्तर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारी सगळी कोरल आहेत. समुद्री पंखेही त्यात येतात. मेलेला सांगाडासुद्धा सुटत नाही, म्हणून माझे दगडही सिरॅमिकचे, बनवलेले. कुणी मालवण-रामेश्वरचा ‘लाइव्ह रॉक’ स्वस्तात देतो म्हणाला तर तो कुठून आला हे उघड आहे. क्लाउनसाठीही समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण उरलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन तंत्र कधीच बसवलंय आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी आहे. हॅचरीतले मासे डब्यातलं खाणं पहिल्या दिवसापासून खातात, हा आपला स्वार्थ.

घरातल्या तक्रारीही नोंदवतो. मेमध्ये उडालेलं साडेचार लिटर पाणी आईच्या मते तिच्या पापडांत गेलं. स्टँडमागच्या भिंतीला खरोखरच ओल धरली होती. टँक भिंतीपासून चार बोटं पुढे घेतला (रिकामा करून, अर्थात) आणि एक्झॉस्ट पंखा लावला. स्टँड आयएस ७१० च्या मरीन प्लायचा असल्याने फुगला नाही. सुताराने साधा प्लाय सुचवला होता. प्लगपट्टीवर मिठाचे पोपडे धरतात, ते दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसतो. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेलेली आहे आणि पूर्ण लाइन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर). हे नसेल तर कोरलचा विचार नंतर करा.

सप्टेंबर संपत आला, उकाडा परत सुरू झालाय. एटीओचा डबा पुन्हा उतरायला लागला आहे, कालपरवा दोन लिटरच्या पुढे. तीन लिटर सलग आठवडाभर गेले की निवळी पाव ग्रॅमनेच परत सुरू करणार आणि सोडा-क्लोराइड तेवढ्या प्रमाणात कमी करणार. तोवर केएच आठवड्याला नाही, दिवसाआड मोजतोय. आजचा ८.२.

कीनिया ट्रीच्या बऱ्याच फांद्या गळून दगडाला चिकटल्या आहेत, ग्रीन स्टार पॉलिपही कापायला झालाय. कल्याण-ठाणे पट्ट्यात कुणाला हवे असतील तर डबा घेऊन या. झोआ मागू नका, ते कापताना हातमोजे, चष्मा सगळं लागतं, त्यांच्यातल्या पॅलिटॉक्सिन या जहाल विषाशी खेळ नको, निवांत वेळ मिळाल्यावर बघू. पाणी ३५ पीपीटी, २७ अंश. तुमचा टँक २५ वर असेल तर पिशवी अर्धा तास तरंगत ठेवा.