दोरीवरची भाची

अमेरिकेतली भाची सध्या वडोदऱ्यात आलीय. फ्लोरिडात वॉटरस्की करते पोरगी, म्हणजे मोटरबोटीला बांधलेल्या दोरीचं हँडल धरून पाण्यावरून घसरत जायचं. आज सकाळी तिला दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात नेलं. म्हटलं, दोरीच्या मल्लखांबावर काय करते बघू.

पकड जबरदस्त! बोटांच्या मुळाशी हँडलचे घट्टेच पडलेत. लटकून राहायला सांगितलं तर उतरेचना. पण वर चढायची वेळ आली आणि गाडं अडलं. मल्लखांबात दोरी अंगाशी घ्यायची, हिला सवय उलटी. मोटरबोट ओढत असते तेव्हा हात सरळ, गुडघे वाकलेले, अंग दोरीच्या विरुद्ध कललेलं. महिलांच्या स्लॅलममध्ये, म्हणजे पाण्यातल्या खुणांना वळसे घालत नागमोडी जायच्या प्रकारात, बोटीचा वेग ताशी ५५ किलोमीटरपर्यंत जातो. तेव्हा कोपरं वाकवून दोरी जवळ ओढली, की ती ढिली पडते आणि पुढच्या हिसक्याला माणूस पाण्यात.

मग पोरांनी रस्सीखेच काढली. तिथे मात्र बाईसाहेब शेवटच्या गड्याच्या जागी उभ्या राहिल्या आणि जागच्या हलेनात! दोन धट्टीकट्टी पोरं समोर, तरीही.

संध्याकाळी स्केटिंग. वळताना घोट्यापासून कलते, खांदे मात्र समांतर. मी बघतच राहिलो. तिच्याबरोबरचे काहीजण हिवाळ्यात बर्फावर स्की करायलाही जातात म्हणे. स्कीच्या कडेवर घ्यायची वळणं तीच, फक्त तिथे ओढायला दोरी नाही, त्यामुळे मागे रेललात की आपटलात.

उसने स्केट्स तिला चावतायत. कोणाकडे सहा नंबरचे असतील तर कळवा, उद्या पुन्हा जायचंय.