पुलाखालच्या मुलांचा शाळाप्रवेश : ठाण्यातला माझा अनुभव

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये सिग्नलवर राहणाऱ्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली. बाकीच्या सिग्नलवरच्या मुलांची नावं आम्ही जवळच्या पालिका शाळेत घालतो. तिथे हमखास ऐकू येतं, ‘आधी कागद आणा.’ शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या उलट आहे. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून आणि कलम ५ नुसार जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ही दोन्ही कलमं अर्जात लिहावीत आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच मागितली की काम बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं.

पत्त्याच्या रकान्यात आम्ही ‘उड्डाणपुलाखाली, पिलर १४ जवळ’ असं लिहितो. मूल गैरहजर राहिलं की शाळेतल्या बाईंना तोच पत्ता कामाला येतो.

खरा वेळ जन्मतारखेला द्या. आठवत नसेल तर १ जून टाकायची जुनी सवय आहे. मग धाकट्याची अंगणवाडीतली खरी तारीख शेजारी आली की सख्ख्या भावंडांत पाच महिन्यांचं अंतर दिसतं आणि पुढे प्रत्येक दाखला अडतो. आधी कॅरीबॅगेतलं ओल लागलेलं लसीकरण कार्ड मागा. बीसीजी ही लस जन्मानंतर लगेच देतात, तिची तारीख वाचता आली तरी जन्माचा अंदाज येतो. काहीच नसेल तर आईला विचारा, गणपतीआधी की दिवाळीनंतर? थोरला तेव्हा चालत होता का? त्यावरून पालकांचं घोषणापत्र करा.

नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवू देऊ नका. लहानग्यांत तिला लाज वाटते, महिन्याभरात ती यायची थांबते. कलम ४ प्रमाणे तिची जागा वयानुसार चौथीत आहे आणि सोबत किमान ३ महिने, कमाल २ वर्षं विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. आधार नंतर काढता येतं. फक्त त्यावरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे.

मूल एकटंच असेल, सोबत कुणी मोठं नसेल, तर मात्र आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

फुटपाथ मोकळा केला की कुटुंब ऐरोलीला, तुर्भ्याला जातं. म्हणून शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि मुलाचा जनरल रजिस्टर नंबर (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला क्रमांक) कार्डावर लिहून, लॅमिनेट करून आईकडे द्यावा. त्यावरून नवी शाळा जुनी नोंद मागवू शकते.