बाईंचा उजवा कान

कानाच्या मशीनला तंबोरा हा पंखा वाटतो. माझ्या धंद्याबाहेरच्या कुणाला हे माहीत असायचं कारण नाही. धंद्यातल्या बऱ्याच जणांनाही ते कधी तपासून बघावंसं वाटत नाही, याचा मला त्रास होतो. माणसाचं बोलणं सारखं खालीवर होतं, अक्षरागणिक उठतं आणि बसतं. पंखा, मिक्सर, एसटीचं इंजिन एकाच पातळीवर वाजत राहतात. आजचं डिजिटल मशीन या फरकावरून ठरवतं की काय मोठं करायचं आणि काय दाबायचं. तंबोरा छेडला की तो अखंड वाजतो, म्हणून तो दाबायच्या यादीत जातो.

मी मिरजेत ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासते आणि कानाची मशिनं बसवते. हे गाव दवाखान्यांचं आणि तंतुवाद्यांचं, पण या दोन जगांची माझ्या टेबलावर फारशी गाठ पडत नाही. येणाऱ्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांना घेऊन येणारा मुलगा किंवा सून तक्रार सांगते: टीव्ही मोठा लागतो, फोनवर काही कळत नाही, हाक मारली तर ओ देत नाहीत. ज्याचा कान आहे तो माणूस शेजारी गप्प बसलेला असतो. आमचा केस पेपरही तसाच आहे. त्यात टीव्ही आहे, फोन आहे, लग्नसमारंभ आहे, पण गाण्याचा रकाना नाही.

बाई सून आणि मुलाबरोबर आल्या. वय ७६, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मोठ्या मंचावर त्या कधी गायल्या नाहीत, पण पहाटेचा खर्जाचा रियाज लग्नाआधीपासून चालू आहे आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुली अजूनही शिकायला येतात. वर्षभरापूर्वी दुसऱ्या शहरात दोन्ही कानांना चांगली महागडी मशिनं बसवली होती. ती डबीत पडून होती. मुलगा म्हणाला, "एवढे पैसे घातले, आई घालतच नाही." तिकडे बाईंनी तक्रार केली, तेव्हा त्यांना "काकू, सवय होईल" असं सांगून परत पाठवलं होतं. हे वाक्य मी इतक्या पेशंटांकडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की मला राग येतो. सवय लागते ती बरोबर लावलेल्या मशीनची. चुकीचं लावलेलं असेल तर माणूस ते काढून ठेवतो, आणि त्याने तेच करायला हवं.

मी बाईंना विचारलं, नेमकं काय होतं? त्या म्हणाल्या, "तंबोरा लावला की पहिल्यांदा असतो. मग कुणीतरी मधलं दार हळूच लोटून घ्यावं तसा आत आत जातो. आणि माझा आवाज तेवढा डोक्यात घुमत राहतो."

मुलगा मध्येच बोलला, "गाण्याचं एक राहू दे मॅडम, आता या वयात गाऊन कुठं जायचंय? आमच्याशी बोलणं झालं तरी पुष्कळ." तो वाईट मनाने बोलला नव्हता. पण असं ऐकून घ्यायची बाईंना सवय आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि ते मला आवडलं नाही. मी त्यांना सांगितलं, "बाई, पुढच्या वेळी तंबोरा घेऊन या."

त्या खरंच घेऊन आल्या. सून रिक्षात तंबोरा मांडीवर आडवा धरून बसली होती. मिरजेचाच तंबोरा, भोपळ्यावर जुनं नक्षीकाम. स्वर काळी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी काळी पट्टी हा त्यांचा सा. तरुणपणी काळी पाच होता, मुलं झाल्यावर काळी चार, साठीनंतर काळी तीन. दर वेळी सितारमेकर गल्लीत जाऊन तारा बदलून घेतल्या, जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची घासणी, नव्याने लावून घेतली. बाईंनी हे अगदी सहज सांगितलं. मी माझ्या कामाच्या अंगाने ऐकत होते. आवाज उतरला म्हणून या बाईंनी कधी गाणं थांबवलं नव्हतं, षड्ज, म्हणजे सा, खाली आणला होता. गंगूबाई हनगल यांचं नावही त्यांनीच काढलं. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाईंचा आवाज पार बदलला, आणि त्या बदललेल्या आवाजातच त्या पुढे आयुष्यभर गायल्या. बाईंनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला बैठका होतात, तिथे त्या दर वर्षी जायच्या. अलीकडे लाउडस्पीकरचा नुसता कलकलाट ऐकू येतो म्हणून जाणं सोडलं होतं.

आता मशीनकडे येते. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे कुणी लिहीत नाही.

आधी मी कानात प्रोब घातली. ही केसासारखी बारीक मऊ नळी कानाच्या पडद्याजवळ जाते, आणि मशीन चालू असताना तिथे खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजते. बऱ्याच ठिकाणी ही मोजणी होतच नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघून जो अंदाज देतं तोच स्वीकारून मशीन हातात देतात. प्रोब कानात ठेवून सुनेला तंबोरा छेडायला सांगितला. स्क्रीनवरची रेघ वर गेली, काही क्षण थांबली आणि बोटं तशीच फिरत असताना खाली बसली. बाई म्हणाल्या, "बघा, आत गेला." त्यांच्या तक्रारीचा पुरावा माझ्यासमोर होता. मी तो स्क्रीन मुलाकडे वळवून दाखवला. तो काही बोलला नाही, पण खुर्ची पुढे ओढून बसला.

मग नवीन प्रोग्रॅम तयार करायला घेतला. गोंगाट कमी करणारी यंत्रणा पूर्ण बंद. मायक्रोफोन समोरच्या दिशेला न ठेवता चारी बाजूंना मोकळा. शिट्टी दाबणारी यंत्रणा अगदी कमीवर, कारण लांबलेला शुद्ध स्वर आला की तिला ती शिट्टीच वाटते आणि ती त्या स्वरावर आपला थरथरता स्वर चढवते. बाई याला "मागून कुणीतरी बेसूर गातं" म्हणत होत्या. मशीनमध्ये आणखी एक सोय असते, ऐकू न येणारे वरचे आवाज खाली ओढून आणायची. बोलण्यातल्या स, श साठी ती बरी, पण गाण्यात तिने प्रत्येक स्वराच्या उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या बारीक स्वरांची, रांग जागेवरून हलते. तीही बंद. आवाज दाबून सपाट करणारं कॉम्प्रेशन जवळजवळ सरळ केलं.

एवढं करूनही तारसप्तकात आवाज फाटत होता. ध्वनिमापक बाईंच्या कानाजवळ धरला. गाताना स्वतःच्याच कानापाशी आकडा ९० डेसिबलच्या पुढे जात होता. समोरासमोरच्या बोलण्यात तो ६० ते ६५ असतो. शिवाय गाण्यातली शिखरं सरासरीपेक्षा खूप वर उडतात. बऱ्याच मशिनांत आवाज आत घेण्याची मर्यादा ९५ डेसिबलच्या आसपास असते. त्यावरचं मायक्रोफोनच्या दारातच कापलं जातं, आणि दारात कापलेलं आत कुठलंही बटण फिरवून परत मिळत नाही. यावर कॅनडातले ऑडिओलॉजिस्ट मार्शल चेसिन यांनी सांगितलेली एक युक्ती आहे: मायक्रोफोनच्या भोकांवर साध्या पारदर्शक चिकटपट्टीचे थर लावायचे. आवाज दारातच दहाएक डेसिबलने उतरतो आणि फाटत नाही. दीड लाखाच्या मशीनवर मी स्टेशनरीच्या दुकानातली पट्टी कात्रीने बारीक कापून लावली. सुनेला वाटलं मी काहीतरी दुरुस्त करतेय. पट्टी लागल्यावर बाईंनी तार षड्ज लावला आणि तो स्वच्छ आला.

कानात बसणारी बंद टोपी काढून हवा खेळणारी लावली, म्हणजे खालचे स्वर सरळ आत येतात आणि स्वतःचा आवाज घुमत नाही. तंबोऱ्याच्या खर्जाची तार या स्वरात ९२ हर्ट्झच्या आसपास वाजते. तिथे मशीनची गरजच नाही, बाईंचा कान तेवढा शाबूत आहे. मशीन हवं ते वरच्या झणत्कारासाठी. जवारीमुळे तार घोडीच्या रुंद पाठीला घासत सुटते आणि उपस्वरांचा झोत उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर लिहिलं होतं. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचं पेर, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतं ते उपस्वर वाजू नयेत असा नियम आहे, आणि तंबोऱ्यात ते वाजतात. बाईंचं त्या पेपरशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून खर्जाची तार एकटी छेडली आणि म्हणाल्या, "गांधार आला." गांधार म्हणजे ग; त्याची वेगळी तार नसते, खर्जाच्या उपस्वरांतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार तो. सून रडायला लागली. बाई रडल्या नाहीत, त्यांनी खुंटी किंचित पिळली, कारण पंचम उतरला होता.

इथे माझं काम संपायला हवं होतं.

बाईंनी गायला सुरुवात केली आणि दोन आवर्तनांत थांबल्या. "डावीकडे लागलाय. उजवीकडे चढलाय." मी आधी तंबोराच पुन्हा तपासायला सांगितला. तो लागलेलाच होता. उजवा कान डाव्यापेक्षा जास्त उतरलेला आहे हे ऑडिओग्राममध्ये दिसत होतंच, पण ऑडिओग्राम किती ऐकू येतं तेवढंच सांगतो, कोणता स्वर ऐकू येतो ते सांगत नाही. ऑडिओमीटरला मधल्या बारीक फ्रीक्वेन्सी मिळत नाहीत म्हणून लॅपटॉपवर टोन काढले. एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला, आवाज दोन्हीकडे सारखा वाटेल इतका जुळवून. २५० हर्ट्झला दोन्ही कान एकमत. ५०० ला थोडा फरक. १००० हर्ट्झचा टोन उजव्या कानात दिला, तर त्याच्याशी जुळायला डावीकडे १०३० च्या जवळ जावं लागत होतं. पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या हे निम्मं झालं. मला हे अंतर ओळखायला आकडा बघावा लागला. बाईंनी नुसतं ऐकून "एवढा" म्हणून तिथे थांबवलं.

याला डिप्लॅक्युसिस म्हणतात. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यातल्या पेशी गेल्या की असं होऊ शकतं. सामान्य माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. यावर माझ्याकडे बटण नाही, कुणाकडेच नाही.

मी फोनवरचं स्वर मोजणारं ॲप लावून बाईंच्या मागे उभी राहिले आणि त्यांना दोन्ही मशिनं घालून गायला सांगितलं. गांधार डळमळत होता. उजवं काढलं, बसला. मग दोन्ही काढून, तंबोराही बंद ठेवून, नुसतं सा, ग, प लावायला सांगितलं. मला वाटलं आता सगळं सरकणार. काटा मधून हलला नाही. मी विचारलं, कसं काय? "गळ्याला जागा ठाऊक असते, कान नंतर बघतो," त्या म्हणाल्या, आणि यात विशेष काय अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

म्हणजे इतकी वर्षं पहाटे उठून जो रियाज झाला, तो कानाबाहेरही कुठेतरी साठला होता. स्नायूंत, श्वासात, छातीतल्या कंपात. कान कमी झाला तेव्हा ती शिल्लक कामाला आली. पण बाईंना ती शिल्लक पुरेशी नव्हती. मी म्हटलं, मशीनशिवायही सूर अचूक आहे की. त्यावर त्या जरा चिडल्या. "अचूक आहे ते तुला कळलं. मला ऐकायचंय ना."

प्रश्न उरला उजव्या कानाचा. आमच्या शिक्षणात पक्कं बिंबवलेलं आहे: दोन्ही कान उतरले असतील तर दोन्हीकडे मशीन. एक कान वापरला नाही तर त्या बाजूचं बोलणं समजण्याची ताकद कमी होत जाऊ शकते. हे मी पेशंटांना रोज सांगते. बाईंना पण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रियाजाचे दीड-दोन तास आणि मुलींचा एक तास, तेवढंच उजवं काढलं तर?" दिवसातले बाकीचे तास दोन्ही घालायची, टीव्हीला, देवळात, सुनेशी बोलताना. म्हणजे डबीत पडलेली मशिनं आता दिवसभर कानात राहणार होती, कारण गाणं परत मिळत होतं. मुलाने मला विचारलं, "चालेल का?" मी म्हटलं, "चालेल." फाइलमध्ये लिहिलं, दर सहा महिन्यांनी उजव्या कानाची शब्दचाचणी.

मला अजूनही खात्री नाही. रोजच्या अडीच-तीन तासांनी कान मागे पडतो असं काही ठामपणे सांगता येत नाही आणि पडत नाही असंही नाही. शिवाय डावा कानही उतरतीवरच आहे. उद्या त्यातही स्वर सरकला तर मी कोणता कान काढायला सांगणार आहे? गाणाऱ्यांच्या अशा केसेस आणखी असणारच, त्या आमच्यापर्यंत पोचत नाहीत, कारण "ऐकू येतं का" एवढंच आम्ही विचारतो. माझ्या केस पेपरवर आता हाताने एक ओळ घातली आहे: रोज काय करता, आणि त्यासाठी काय ऐकू यायला हवं. गेल्या आठवड्यात त्या ओळीत एका निवृत्त लोहमार्ग कर्मचाऱ्याने "बासरी" लिहिलं. सोबतच्या मुलीला ते माहीतच नव्हतं.

बाई परवा फोनवर बोलल्या, फोन दोन्ही मशिनांतून, अगदी स्पष्ट. काळी तीनवर आता दम लागतो, उन्हाळ्यात स्वर पांढरी चारवर आणायचा विचार आहे. मी सांगितलं, आधी सितारमेकर गल्लीत जाऊन तारा आणि जवारी करून घ्या, तंबोरा आठ दिवस बसू दे, मग घेऊन या. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागेल, आणि दोन्ही कानांचे टोनही.