मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा पोरगा

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातला मोडी कागद वाचायला घेतला की 'बिन' हा शब्द भेटल्याशिवाय राहत नाही. अमका बिन तमका सुतार, मौजे अमुक. बिन म्हणजे मुलगा. बाईचं नाव असेल तर 'कोम' येतो, म्हणजे अमक्याची बायको. माणूस, बाप, धंदा आणि गाव, सगळं एका ओळीत. मॅकिन्टायर या स्कॉटिश आडनावात याच ओळीतला बिन आणि सुतार एका शब्दात दाबून बसवलेत.

मूळ गेलिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या जुन्या भाषेतलं, रूप 'मॅक अन टीर' असं काहीसं ऐकू येतं. मॅक म्हणजे मुलगा. मधला 'अन' म्हणजे इंग्रजी 'द'सारखा उपपद. शेवटचा शब्द 'सीर'. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये त्याचा अर्थ सुतार. आयर्लंडमध्ये अर्थ थोडा रुंद आहे, कुठलाही कसबी कारागीर: दगडाचा सीर म्हणजे गवंडी, लाकडाचा सीर म्हणजे सुतार, होडीचा सीर म्हणजे नावा बांधणारा. स्कॉटिश उच्चारात यातला स्वर ओठ गोल न करता म्हटलेल्या 'ऊ'सारखा येतो, तो देवनागरीत नीट उतरत नाही.

आता 'सीर'चा 'टीर' कसा झाला? गेलिकचा नियम असा, की पुल्लिंगी नाम षष्ठीत असेल आणि त्याच्या आधी 'अन' आलं, तर शब्दारंभीच्या 'स'च्या आधी 'ट' चिकटतो आणि 'स' लिहिला तरी मुका होतो. म्हणून कानाला 'टीर' पडतं. कारकुनानं कानाला पडलं ते लिहिलं, उपपद आडनावातच मुरलं, आणि 'वाय' अक्षर घालून लिहिलेला स्वर इंग्रजीत 'आय' वाचला जाऊ लागला. टीरचा टायर झाला तो असा. रबरी टायरशी संबंध शून्य. मॅक्टॅगर्ट हे आडनावही याच नियमाचं आहे. त्यातला मूळ शब्द 'सॅगर्ट', म्हणजे धर्मगुरू, आणि तिथंही 'स' मुका होऊन 'ट' उरला. हा एक नियम कळला की अशी मॅक आडनावं आपोआप उलगडायला लागतात, म्हणून मी तो आधी सांगतो.

सगळीच स्कॉटिश आडनावं बापाच्या धंद्यावरून आलेली नाहीत. आपल्या इतिहासात भेटणारा एल्फिन्स्टन हा थेट 'कर' आहे. ईस्ट लोदियनमध्ये एल्फिन्स्टन नावाचं गाव आहे, तिथला तो. आपला कागलकर किंवा पन्हाळकर जसा.

धंद्यावरून पडलेल्या आडनावाची गोष्ट निराळी असते. प्रत्येक गावाला सुतार लागतोच. आपल्याकडे नांगर, कुळव, पाभर आणि गाडी करून देणारा सुतार गावोगाव बलुत्यावर बसलेला होता. त्यामुळे गडहिंग्लजकडचा सुतार आणि शाहूवाडीकडचा सुतार एका भावकीचे असायचं काही कारण नाही. भावकी ठरते मूळ गाव, कुलदैवत आणि देवक विचारून. मॅकिन्टायरचं अगदी तेच आहे. 'सुताराचा पोरगा' हे नाव वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे पडलं. 'सगळे मॅकिन्टायर एकाच पुरुषाचे वंशज' असं दुकानातल्या छापील पत्रकावर वाचलं तर ते बाजूला ठेवावं.

स्कॉटलंडमधलं त्यांचं ठळक ठाणं म्हणजे आर्गाइलमधलं ग्लेन नो. ११२६ मीटर उंचीच्या बेन क्रूआखन डोंगराच्या पायथ्याशी, लॉख एटिव्ह या खाडीच्या काठावर. तिथली परंपरा सांगते, की या जमिनीचा सारा म्हणून कॅम्पबेल घराण्याला दरवर्षी भर उन्हाळ्यात एक बर्फाचा गोळा आणि एक पांढरं वासरू द्यायचं. बर्फ डोंगराच्या सावलीतल्या घळीत उन्हाळ्यातही टिकायचं, म्हणून ते जमायचं. पुढे हा सारा रोख पैशांत बदलला, रक्कम चढत गेली, आणि १८०६ मध्ये घराण्याला ग्लेन नो सोडावं लागलं. नावाची दंतकथाही आहे. होडीला भोक पडलं, पाणी आत यायला लागलं, तेव्हा मूळ पुरुषानं भोकात अंगठा घातला आणि हातातल्या वाकसानं तो तोडून तिथंच बूच म्हणून ठेवला. त्यावरून तो 'अंगठ्याचा सुतार'. ही कथा आडनावाच्या अर्थावरून मागाहून रचलेली वाटते. पण ती टाकून देऊ नये, कारण समुद्र, होडी आणि लाकूडकाम यांचा तिथल्या किनाऱ्यावरचा संबंध तिच्यात खरा आहे.

आडनाव एकदा पिढीजात झालं की धंदा सुटतो. डंकन बान मॅकिन्टायर (१७२४ ते १८१२) हा गेलिकमधला फार मोठा कवी. त्यानं आयुष्यात कधी सुतारकाम केलं नाही. रानातल्या हरणांची राखण केली, नंतर एडिनबरोच्या शहर-पहाऱ्यात नोकरी केली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कविता तोंडपाठ होत्या, दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या आणि १७६८ मध्ये छापल्या. शाहिरांच्या कोल्हापुराला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याची कबर एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स आवारात आहे.

आयर्लंडमध्ये याच मूळ नावाला इतके फाटे फुटले, की खरी गंमत तिथंच आहे. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात, विशेषतः डोनेगल आणि आर्मा भागात, 'अन'मधला 'न' गळून मॅकाटीर झालं. त्याचंच आणखी आखडलेलं रूप मटीर. त्रावणकोरात काम केलेला सॅम्युएल मटीर हा मिशनरी या आडनावाचा. मग आले भाषांतरवाले. १४६५ च्या एका कायद्यानं डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलातल्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घ्यायला फर्मावलं: गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. धंद्याची उदाहरणं म्हणून कायद्यातच स्मिथ आणि कार्पेंटर दिलेत. डब्लिनचे आर्चबिशप जॉन कार्पेंटर (१७७० ते १७८६ या काळात पदावर) आयरिश भाषेत लिहिताना स्वतःचं नाव शॉन मॅक अन टीर असंच लावत.

आणि चुकीचं भाषांतरही झालं. 'सीर' या शब्दाचा दुसरा अर्थ 'मोकळा, स्वतंत्र' असाही आहे. त्यामुळे काही घरं कार्पेंटर न होता फ्रीमन झाली. म्हणजे मॅकिन्टायर, मॅकाटीर, मटीर, कार्पेंटर आणि फ्रीमन ही पाचही नावं एकाच मूळ नावाची असू शकतात. उलट बाजूही ध्यानात ठेवा: प्रत्येक कार्पेंटर किंवा फ्रीमन गेलिक नाही, बहुतेक इंग्रजच आहेत. त्यात १७व्या शतकात अल्स्टरमध्ये वसाहती बसल्या तेव्हा स्कॉटलंडचे मॅकिन्टायर अँट्रिम आणि डेरीकडे येऊन राहिले, आणि काही मूळच्या आयरिश मॅकाटीरांनीही मॅकिन्टायर हेच रूप उचललं. त्यामुळे अल्स्टरमधला मॅकिन्टायर कुठल्या काठाचा, हे आडनावावरून ठरत नाही. धर्म आणि पॅरिश (चर्चचा इलाखा) पाहूनच अंदाज बांधावा लागतो.

पूर्वजांचा शोध घेताना पहिली चूक होते ती संगणकावरच्या साउंडेक्सवर, म्हणजे उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या पद्धतीवर, विसंबून. साउंडेक्स पहिलं अक्षर धरतो आणि पुढच्या तीन व्यंजनांना आकडे देतो. मॅकिन्टायरला एम-२५३ मिळतो, मॅकाटीरला एम-२३६ आणि मटीरला एम-३६०. म्हणजे एक शोधताना बाकीचे दोन कधीच समोर येणार नाहीत. त्यापेक्षा तारांकन वापरा: एम, तारा, टी, तारा, आर, तारा. यात मॅकची सगळी स्पेलिंगं आणि मटीरही सापडतो. कार्पेंटर, फ्रीमन आणि स्कॉटलंडमधलं राइट (म्हणजेही सुतारच) मात्र वेगळे टाकून बघावे लागतात. मॅकमध्ये 'ए' आहे की नाही यावरून माणूस स्कॉटिश की आयरिश हे ठरवणं ही दुसरी नेहमीची चूक. दोन्ही एकच शब्द आहेत, एक लांब लिहिलेला, एक आखूड.

स्कॉटलंडची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. नवशिक्यानं पहिला दाखला म्हणून मृत्यूचाच काढावा, एका दाखल्यात दोन पिढ्या मिळतात. १८५५ या एकाच वर्षाच्या दाखल्यांवर इतकी जास्त माहिती आहे की पुढच्याच वर्षी ती कमी करावी लागली. त्या वर्षातला कुणी पूर्वज असेल तर आधी त्यालाच धरा. १८५५ च्या मागे पॅरिशच्या वह्या. डोंगराळ भागात त्या उशिरा सुरू होतात आणि मध्ये मध्ये खंड आहेत. शिवाय तिथं आडनावाऐवजी बाप-आज्याचं नावच लावायची रीत १८व्या शतकातही टिकून होती, त्यामुळे वहीत मॅकिन्टायर न दिसता नुसता 'डंकनचा जॉन' दिसू शकतो. अशा वेळी नावं ठेवायची रीत कामी येते: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. आपल्याकडंही नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळे हा धागा आपल्याला लगेच पकडता येतो. हा पुरावा नव्हे, दिशा आहे.

आयर्लंडमध्ये बिगर-कॅथलिक लग्नं १८४५ पासून आणि बाकी सगळं १८६४ पासून नोंदलं गेलं. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले. १८६१ ते १८९१ चे सरकारनंच त्याआधी नष्ट केले होते. हाती उरल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना, त्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. १९११ मध्ये काही घरांनी अर्ज आयरिशमध्ये भरला, म्हणून शोधपेटीत आयरिश स्पेलिंगही टाका. मधल्या पोकळीत ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७ ते १८६४) आहे. त्यात जमीन कसणाऱ्याचं नाव आणि टाउनलँड, म्हणजे आपल्या भाषेत शिवार, मिळतं. आयरिश अर्जात बाईचं आडनाव बदललेलं दिसेल: लेक असेल तर मॅकच्या जागी 'निक', सून असेल तर 'विक'. आपला 'कोम' ओळखणाऱ्याला हे बिचकवणार नाही.

डीएनए चाचणी करायची तर बापाकडून मुलाकडं जाणाऱ्या वाय गुणसूत्राची करतात. ३७ खुणांची चाचणी दोन घरं वेगळी आहेत हे सांगायला पुरते, जवळचं नातं तपासायला १११ लागतात. पण आडनाव आणि रक्त नेहमी बरोबर चालत नाहीत, हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले आणि छत्रपती शाहू महाराज झाले. आडनाव भोसले, पुरुषवंश घाटगे. कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या पॉर्क्युपाइन भागातली मोठी सोन्याची खाण मॅकिन्टायर नावानं प्रसिद्ध आहे. ते नाव सँडी मॅकिन्टायरवरून पडलं, आणि त्याचं खरं नाव होतं अलेक्झांडर ऑलिफंट. त्यानं आडनाव उचललं आणि ते खाणीला चिकटलं. चाचणीचा निकाल जुळला नाही तर लगेच शरमेची गोष्ट शोधू नये. दत्तक, सावत्र बाप, आसऱ्याला गेलेलं घर, मालकाचं आडनाव लावलेलं कूळ, अशी साधी कारणं पुष्कळ असतात.

'मॅकिन्टायर घराण्याचं मानचिन्ह' असं सांगून विकली जाणारी पाटीही घेऊ नका. स्कॉटलंडच्या कायद्यात मानचिन्ह एका व्यक्तीला दिलं जातं, सरसकट आडनावाला नाही.

आपल्या भागातल्या जुन्या कागदात किंवा थडग्यावर असं आडनाव सापडलं, तर मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन-३ या मालिकेत आहेत. मोडीत तेच नाव शोधायचं असेल तर ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, मोडीत तो फरक नसतो. ओळ मोठ्यानं वाचा. 'माकनटीर', 'मकनटायर', 'मेकिटर' असं काही तोंडून निघालं तर तिथं खूण करून ठेवा आणि मग तारीख आणि हुद्दा एन-३ च्या नोंदीशी ताडून बघा.