एक घर रिकामं

मामाजींना सिनेमात गोळ्या मोजायची सवय आहे. नागपुरात सीताबर्डीवरच्या जानकी टॉकीजमध्ये आम्हा पोरांना न्यायचे तेव्हापासूनची. पडद्यावर हिरो धडाधड उडवतोय, शिट्ट्या वाजताहेत आणि मामाजी अंधारात बोटांवर, "सात... आठ... नऊ. सहाचं पिस्तूल हाय न बे ते?" मागून कोणीतरी ओरडायचं, "ओ काकाजी, बसा न चूप!"

परवा, मे महिन्यातल्या दुपारी, कूलरच्या घरघरीत त्यांना 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो' दाखवला. 1993 चा. अ‍ॅक्शनपटांचीच टिंगल, आणि करणारा कोण, तर 'डाय हार्ड'वाला जॉन मॅकटिअर्नन. म्हणजे घरभेदीच. बिचारा 'जुरासिक पार्क'नंतर आठवड्याभरात आला आणि डायनासोरच्या पायाखाली गेला.

एक पोरगा जादूच्या तिकिटानं पडद्यात शिरतो. तिथं सगळ्यांचे फोन नंबर अमेरिकी सिनेमातल्या खोट्या नंबरांसारखे 555 नेच सुरू होतात, म्हणजे हा सिनेमाच आहे, हे तो हिरोला, अर्नोल्ड श्वार्झनेगरला, पटवू बघतो. मामाजी ढिम्म, पोह्यांत तर्री कालवण्यात गुंग. मग अर्नोल्ड पडद्याबाहेर, खऱ्या न्यूयॉर्कात येतो, नेहमीच्या थाटात गाडीच्या काचेवर मुक्का हाणतो आणि कळवळतो. मामाजींनी बशी खाली ठेवली. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. "पाह्यलं? काच हाय ते, पापड नोहे!" अमेरिकेतून कोणीतरी त्यांच्या बाजूनं साक्ष दिल्यासारखा चेहरा.

शेवटी खलनायकाचं पिस्तूल नुसतंच खट् वाजलं. गोळ्या संपल्या, म्हणून अर्नोल्ड निर्धास्त; मामाजीही. तर खलनायक थंडपणे सांगतो, संपल्या नाहीत, गोळीचं एक घर मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. मामाजी क्षणभर गप्प. मग मांडीवर थाप, "हा तं मोजणाऱ्यालेच गंडवते न बाप्पा!"

मला वाटलं, आता गाड्या उडवणारे सिनेमे सुटतील. कसले सुटतात! रात्री 'सिंघम' लागला होता, रिमोट सोडायला तयार नाहीत. थट्टेचा हक्क तिकीट काढणाऱ्याचा, असं माझं मत आहे. मामाजींनी तो बाल्कनीत बसून कमावलाय.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात एका गिऱ्हाइकाची किल्ली जुन्या मारुतीत राहिली. पोरगा म्हणाला, "मामाजी, हाना न कोपर." मामाजींनी स्टीलची फूटपट्टी मागवली, काच आणि रबराच्या फटीत सरकवली, आतली सळी चाचपली. टक्. दार उघडलं. मग खिशातला गॉगल काढून, इकडेतिकडे बघून, सलमानसारखा मागे कॉलरला अडकवला.