पालक संघाचं खातं आणि अडलेली सही

शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या बँक खात्याचं स्टेटमेंट हातात पडायला आख्खा पावसाळा गेला. जूनमध्ये मागे लागले, कागद मिळाला तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. त्या बँकेवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. नव्याने समितीवर आलेल्या पालकांचे तरी हेलपाटे वाचावेत म्हणून लिहितेय.

आमची शाळा नाशिकला, सिडकोत. खासगी शाळांसाठी 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार संघाच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांमधून सोडत काढून माणसं घेतात. चिठ्ठीत माझं नाव निघालं आणि हिशोबाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत एका पालकांनी विचारलं, "नांदूरमध्यमेश्वरच्या सहलीचे उरलेले पैसे कुठंयत?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

आधीच्या समितीने एक फुलस्केप कागद आणि बिलांची पिशवी दिली होती. कागदावर शेवटची ओळ 'इतर खर्च', पुढे बऱ्यापैकी मोठा आकडा. पिशवीतली निम्मी बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची. अक्षरं उडून कोरी झालेली, एकावर तर फक्त दुकानाच्या नावाची सावली दिसत होती. बसवाल्याची कार्बन घालून बॉलपेनने लिहिलेली पावती तेवढी शाबूत. असं बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मागे तारीख, कारण आणि पैसे कुणी दिले ते लिहा.

मग एकच खात्रीची जागा उरली, बँक. तिथेच घोडं अडलं.

खातं दोन जुन्या पालकांच्या संयुक्त सह्यांवर. त्यातल्या एकांचा मुलगा दहावी होऊन गेला आणि कुटुंब पुण्याला गेलं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमची सही आमच्याकडे नाही, आम्ही स्टेटमेंट कसं देणार?" हे मला पटलं. कोणीही उठून दुसऱ्याच्या खात्याचा कागद मागू नये. म्हणून सह्या बदलण्याचा ठराव केला, मोठ्या बाईंनी लेटरहेडवर पत्र दिलं, पुण्याच्या दादांनी सही करून कागद कुरिअरने पाठवले. आमच्या तिघांची आधार आणि पॅनकार्डं जोडली. सगळं घेऊन गेले तर साहेब रजेवर. पुन्हा गेले तर साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "संघाचं नोंदणी प्रमाणपत्र?"

असं प्रमाणपत्र आमच्याकडे नव्हतंच. संघ शाळेत कायद्याने बनतो, तो धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा नोंदवलेला नव्हता. खातं उघडताना याच शाखेने ते मागितलं नव्हतं, इतकी वर्षं पैसे भरून घेताना मागितलं नव्हतं. सही बदलायची म्हटल्यावर मात्र त्याशिवाय पान हलेना. "वरून विचारून सांगतो," असं उत्तर मिळालं. तेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळत राहिलं. मी अंबडला नोकरी करते, प्रत्येक वेळी अर्धी सुट्टी टाकून जायचं आणि टोकन घेऊन पंख्याखाली बसायचं. इकडे शाळेच्या गेटवर कुजबुज सुरू झालेली, की नव्या समितीलाही काहीतरी लपवायचंय. ते फार लागलं.

शेवटी माझ्या नणंदेने, ती पतसंस्थेत आहे, रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे खातेदाराची ओळख पटवण्याचे, निर्देश शोधून दिले. त्यात नोंदणी नसलेल्या संघटनांसाठी वेगळं कलमच आहे. व्यवस्थापन समितीचा ठराव, संघटनेचं पॅन किंवा ते नसेल तर त्याऐवजीचा घोषणेचा फॉर्म, व्यवहार करणाऱ्यांना दिलेलं अधिकारपत्र, त्यांची ओळखपत्रं आणि संघटना खरोखर अस्तित्वात असल्याचे कागद. नोंदणीशिवाय खातं चालूच शकत नाही, असं त्यात कुठेही नाही. ते पान छापलं, ओळींखाली रेघा मारल्या, सोडतीचं इतिवृत्त आणि नोटीस बोर्डवर लावलेली समितीची यादी जोडली आणि लेखी तक्रार दिली. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही तक्रारीत लिहिलं. इतके दिवस तोंडी बोलत राहिलो त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. पोचेचा शिक्का पडल्यावर मात्र शाखेतून स्वतःहून फोन आला.

स्टेटमेंट मिळालं त्या संध्याकाळी आम्ही तिघीचौघी शाळेच्या वाचनालयात बसून ओळन् ओळ जुळवली. सहलीचे उरलेले पैसे खात्यात भरलेले होते, तारखेसकट. 'इतर खर्च' म्हणजे बहुतेक पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, चेकने दिलेली. ज्या जुन्या खजिनदार दादांकडे लोक वर्षभर तिरक्या नजरेने बघत होते, त्यांना मी तिथूनच फोन लावला. ते काही वेळ बोललेच नाहीत. एक रोख रक्कम मात्र बिलाविना निघाली. ती आम्ही इतिवृत्तात 'बिल उपलब्ध नाही' अशी तशीच नोंदवली आणि पालकसभेत वाचून दाखवली. कोणी आरडाओरडा केला नाही.

काही पालक म्हणत होते, सरळ माहितीचा अधिकार लावा. शाळा अनुदानित असेल तर तो मार्ग आहे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पण संघाचं खातं आपलंच असतं, तिथे आधी आपल्याच समितीकडे लेखी मागा.

आता दर महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डवर लागतो, शिल्लक पासबुकातल्या आकड्याशी जुळवूनच. वर्गणी कुणाच्या खासगी नंबरवर घेत नाही, संघाच्या खात्याचाच क्यूआर कोड गेटवर लावलाय. बिलांची फाइल पालकसभेच्या दिवशी टेबलावर उघडी असते, ज्याला हवं त्याने चाळावी. पुढच्या जूनमध्ये सोडत झाली की त्याच बैठकीत सह्या बदलण्याचा ठराव घ्यायचा आणि मावळत्या दोघांच्या सह्या ते गावात असतानाच करून घ्यायच्या, हे इतिवृत्तात लिहून ठेवलंय. बँकेचा कोरा फॉर्मही त्याच फाइलला लावलाय.